हार घातला, पण खाली पाहिलंत का?

मैत्रिणींनो, दसऱ्याला दारातल्या ट्रकची पूजा करून त्याला झेंडूचा हार आपण हौसेने घालतो. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि जुने ट्रकही उसाने भरून रस्त्याला लागतात. त्याआधी स्टेअरिंगसाठी दहा मिनिटं काढा, असं मी बचत गटात नेहमी सांगते.

"ताई, ट्रकमधलं आम्हाला काय कळतंय?" एकीने विचारलं. अगं, बांगडी सैल झालेली कळते ना? तसंच हे!

गाडी सपाट जागी, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. मालकांनी स्टेअरिंग हळूच डावी-उजवीकडे फिरवायचं, आपण बाजूला उभं राहून पुढचं चाक बघायचं. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू हवं. चाक न हलता स्टेअरिंग जेवढं नुसतंच फिरतं, तो 'प्ले'. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ९८ व्या नियमाप्रमाणे तो ३० अंशांपेक्षा जास्त नको. म्हणजे घड्याळातलं बारा ते एक एवढंच अंतर.

मग इंजिन बंद करून वाकून बघा. स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत ड्रॅग लिंक, टाय रॉड अशा दांड्या असतात. स्टेअरिंग हलवताना एक दांडी हलली आणि तिला जोडलेली जागची ढळली नाही, तर मधला सांधा झिजलाय. सांध्यावरचं रबर फाटलं की धूळ-चिखल आत जातो, ग्रीस टिकत नाही. पिनेच्या जागी तार गुंडाळलेली दिसली, तर गाडी बाहेर काढूच देऊ नका.

गॅरेजमध्ये कुणी नुसता स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतं. त्याने स्टेअरिंग जड होतं, झिजलेला सांधा तसाच राहतो. वेल्डिंगही नको, सांधा बदलायचा आणि नंतर अलाइनमेंट करायची, नाहीतर टायर झिजतात. सांधे ठीक असूनही चाक डुगडुगत असेल, तर किंगपिन आणि बेअरिंग तपासायला सांगा.

भरल्या गाडीचा सांधा निखळला, तर स्टेअरिंग हातात राहतं आणि चाक भलतीकडे जातं. त्याच रस्त्याने आपली पोरं शाळेला जातात.

त्या मैत्रिणीच्या घरी "हंगाम झाल्यावर बघू" असंच उत्तर मिळालं. तिने गटातून कर्ज काढलं आणि पहिल्या खेपेआधी दोन्ही टाय रॉड एंड बदलून घेतले. गटातल्या एकीनेही "हे कसलं बाई कर्ज?" असं विचारलं नाही.