विश्लेषण : चालत्या बाइकचा गियर अचानक का सुटतो? इंजिन उघडण्याआधी काय तपासाल?

सिग्नल सुटतो, पहिला गियर पडतो, मग दुसरा. ॲक्सिलरेटर पिळताच 'खट्' असा आवाज येतो, इंजिन मोठ्याने ओरडते आणि बाइकचा जोर जातो. कर्वेनगर, वारजे, कोथरूडच्या गर्दीत सतत गियर बदलत जाणाऱ्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा असेल. 'इंजिन उघडावे लागेल' हे गॅरेजमधले उत्तर कधी बरोबर असते, तर कधी घाईचे. कोणता गियर सुटतो आणि नेमका केव्हा सुटतो, एवढे नोंदवले तरी निम्मे निदान घरीच होते.

गियर सुटतो की क्लच घसरतो?

या दोन्ही तक्रारी एकच समजल्या जातात; पण दोष वेगळे आहेत. क्लच घसरत असेल तर इंजिनचे आरपीएम वाढतात, वेग मात्र हळूहळू वाढतो. आवाज होत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडला की पकड परत येते. हे बहुधा वरच्या गियरमध्ये, चढावर किंवा डबलसीट असताना जाणवते.

गियर सुटतो तेव्हा झटका बसतो आणि चाकाकडे जाणारी ताकद पूर्ण तुटते. डॅशबोर्डवरचा हिरवा न्यूट्रलचा दिवा मात्र अनेकदा लागत नाही, कारण बाइक दोन गियरच्या मध्ये अडकलेली असते. यालाच 'फॉल्स न्यूट्रल' म्हणतात.

यात धोका काय?

ओव्हरटेक करताना जोर गेला तर मागून येणाऱ्या वाहनाला अंदाज येत नाही. उतारावर धोका आणखी वाढतो. कर्वेनगरहून राजाराम पुलावरून सिंहगडाकडे जाणारे अनेक जण गडाच्या घाटातून उतरताना दुसऱ्या गियरच्या इंजिन ब्रेकिंगवर भिस्त ठेवतात. वळणाच्या तोंडावर तोच गियर सुटला, तर सगळा भार ब्रेकवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहने न्यूट्रलमध्ये सोडणे किती महागात पडते, हे पुणेकरांना ठाऊक आहे. दुचाकीचे वजन कमी असले तरी तत्त्व तेच.

गियरबॉक्समध्ये नेमके काय होते?

गियर बदलला की एका चाकाचे दाते दुसऱ्या चाकात जाऊन बसतात, असा समज आहे. आजच्या बाइकमध्ये तसे होत नाही. गियरच्या सगळ्या जोड्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. फक्त प्रत्येक जोडीतला एक गियर शाफ्टवर मोकळा फिरत असतो. शेजारचा सरकणारा गियर त्याला येऊन अडकला, की ती जोडी ताकद वाहू लागते.

हे अडकणे होते 'डॉग'मुळे. डॉग म्हणजे गियरच्या बाजूला असलेले जाड उंचवटे. ते शेजारच्या गियरच्या खाचांत किंवा उंचवट्यांच्या मध्ये बसतात. गियर सरकवण्याचे काम चिमट्यासारखा फोर्क करतो, फोर्कला हलवतो गियर ड्रम आणि ड्रमला फिरवतो तुमच्या पायाखालचा लिव्हर. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते. स्प्रिंगने दाबलेला छोटा रोलर तिच्या खोबणीत बसतो आणि ड्रमला जागेवर धरतो.

नव्या डॉगचे कोपरे धारदार असतात. त्यांच्या भिंती बहुधा किंचित आतल्या बाजूला कललेल्या असतात, त्यामुळे जोर वाढला की दोन गियर एकमेकांकडे ओढले जातात. कोपरे झिजून गोल झाले की उलटे होते आणि तोच जोर त्यांना दूर ढकलतो. म्हणूनच हळू चालवताना टिकणारा गियर ॲक्सिलरेटर पिळताच सुटतो.

कोणता गियर, केव्हा सुटतो?

एकच गियर सुटत असेल, तर त्या गियरच्या डॉगवर पहिला संशय घ्या. बहुतेक फोर्क दोन गियर सांभाळतात. एकाच फोर्कवरचे दोन्ही गियर सुटत असतील, तर फोर्क वाकला किंवा झिजला असण्याची शक्यता जास्त. जवळपास सगळेच गियर त्रास देत असतील, तर चांदणी, रोलर, स्प्रिंग किंवा बाहेरचा लिव्हर तपासा.

चढ-उताराची नोंदही उपयोगी ठरते. वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ चढताना डॉगची एक बाजू भार घेते. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की भार दुसऱ्या बाजूवर जातो. गियर फक्त ओढताना सुटतो की फक्त सोडल्यावर, यावरून झीज कोणत्या बाजूला आहे ते कळते. मात्र ही परीक्षा मुद्दाम घाटात घेऊ नका. मोकळा, सपाट रस्ता आणि कमी वेग पुरेसा आहे.

इंजिन न उघडता काय तपासाल?

• लिव्हर : बाइक पडल्यावर तो वाकून इंजिनच्या झाकणाला किंवा फूटरेस्टला टेकतो का? बोल्ट सैल आहे का? लिव्हर पूर्ण फिरला नाही, तर गियर अर्धवटच बसतो.

• क्लच केबल : अनेक बाइकवर लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गियर नीट बसत नाही.

• ऑइल : पातळी आणि ग्रेड पाहा. ओल्या क्लचच्या बाइकला 'जासो एमए' दर्जाचे ऑइल लागते. स्कूटरसाठीचे 'एमबी' किंवा कारचे ऑइल टाकल्यास क्लच घसरू शकतो.

• काढलेले ऑइल : ते पांढऱ्या कापडातून गाळा. बारीक करडी भुकटी ही रोजची झीज. पण चमकणारे तुकडे किंवा कपच्या निघाल्या, तर बाइक चालवणे थांबवा.

• हाताने चाचणी : इंजिन बंद ठेवून बाइक मेन स्टँडवर घ्या. मागचे चाक हाताने हळू फिरवत एकेक गियर टाका. चाक न फिरवता गियर पडला नाही, तर तो दोष समजू नका. डॉग खाचेसमोर आल्याशिवाय आत जात नाही.

हे सगळे ठीक असेल, तर पुढची पायरी क्लचच्या बाजूचे झाकण. अनेक बाइकवर चांदणी, रोलर आणि स्प्रिंग त्याच्यामागेच असतात आणि तिथपर्यंत पोहोचायला अख्खे इंजिन सोडवावे लागत नाही. जुन्या चार गियरच्या बुलेटचा गियरबॉक्स इंजिनपासून वेगळा असतो. त्याचे सेटिंग बाहेरचे झाकण काढून करता येते.

इंजिन उघडलेच, तर काय बदलाल?

आपल्याकडच्या बहुतेक एक-सिलिंडर बाइकचा गियरबॉक्स क्रँककेसच्या आत असतो. इंजिन उतरवून केस दुभंगावी लागते आणि बिलात मजुरीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे एकदा उघडल्यावर अर्धवट काम करू नका.

एकमेकांत अडकणारे दोन्ही गियर जोडीने बदला. जुन्या गोल डॉगसमोर नवा गियर लावला तर तोही लवकर झिजतो. फोर्कची टोके निळसर पडली असतील, तर ती घर्षणाने तापल्याची खूण आहे. फोर्क ठोकून सरळ करण्याऐवजी नवा घ्या. लॉक, वॉशर, ड्रमच्या खोबणी आणि बेअरिंगही पाहा. जुने सुटे भाग समोर मागून घ्या; झीज डोळ्यांना दिसते.

'अंडरकट' केल्याने गियर मजबूत होतो का?

होतो, पण काम नीट झाले तरच. यात डॉगच्या भिंती ग्राइंड करून काही अंश आत कलत्या केल्या जातात. जोर पडला की गियर अधिक घट्ट अडकतात. रेसिंगच्या बाइकसाठी ही जुनी पद्धत आहे. मात्र गियरचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. जास्त घासले तर आतले मऊ लोखंड उघडे पडते. सगळे डॉग सारखे कापले नाहीत, तर भार एकाच डॉगवर येतो. वेल्डिंग करून कानशीने घासण्याचा 'जुगाड' तर टाळाच. त्या उष्णतेने कडकपणा जातो.

रोजच्या बाइकला नवी जोडी मिळत असेल, तर तोच सरळ मार्ग. आरएक्स १०० किंवा जुन्या येझदीसारख्या बाइकचे उत्पादन थांबून पाव शतक उलटले आहे. नाना पेठेत शोधूनही चांगला गियर मिळाला नाही, तर तिथे अंडरकटचा विचार करता येतो. नुसती कडक स्प्रिंग बसवणे हा इलाज नव्हे. गियर काही दिवस टिकेल, झीज चालूच राहील.

दुरुस्तीपर्यंत आणि नंतर काय काळजी घ्याल?

सुटणारा गियर शक्यतो वापरू नका आणि तोपर्यंत घाट टाळा. पायाने लिव्हर दाबून धरून गियर टिकवण्याची युक्ती अनेक जण करतात. त्याने तात्पुरते काम भागते, पण फोर्क सतत गियरवर घासत राहतो आणि खर्च वाढतो. गियर बदलताना क्लच पूर्ण दाबा, लिव्हर शेवटपर्यंत न्या आणि मग पाय बाजूला घ्या. गॅरेजमध्ये 'गियरचा प्रॉब्लेम आहे' एवढेच सांगू नका. 'दुसरा सुटतो, चढावर सुटतो, उतारावर नाही' असे सांगितले, तर मेकॅनिकलाही कुठून सुरुवात करायची ते कळते.