डिस्प्ले काळा पडला म्हणजे रिसीव्हर निकामी झाला, असे नव्हे

पावसाळ्यात रात्रभर विजा कडाडतात, वीजपुरवठा दोन-तीनदा ये-जा करतो आणि सकाळी दिवाणखान्यातील ऑडिओ रिसीव्हरच्या दर्शनी काचेवर एकही अक्षर उमटत नाही. यंत्र जळाले, असे गृहीत धरून नव्याच्या किमतींची चौकशी सुरू होते. ही घाई अनेकदा महागात पडते. ध्वनी देणारा अॅम्प्लिफायर आणि अक्षरे दाखवणारा डिस्प्ले यांना रिसीव्हरच्या आत वेगवेगळ्या दाबाची वीज मिळते. एक बंद पडून दुसरा सुरू राहू शकतो. म्हणून आधी आवाज येतो का, हे पाहावे.

आवाज येत असेल, तर पहिला संशय रिमोटवर घ्यावा. बहुतेक रिसीव्हरमध्ये डिस्प्लेचा उजेड कमी करणारे ‘डिमर’चे बटण असते आणि काहींत त्याची शेवटची पायरी म्हणजे पूर्ण काळोख. डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांच्या अनेक मॉडेलांतील ‘प्युअर डायरेक्ट’ ही सोय तर ध्वनी स्वच्छ राहावा म्हणून डिस्प्ले मुद्दाम विझवते. रिमोट मुलांच्या हाती जात असेल, तर अधिक शोध घेण्याची गरजच उरत नाही.

तसे नसल्यास प्लग भिंतीतील सॉकेटमधून काढून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा जोडावा. वीज ये-जा झाल्यावर गोंधळलेला मायक्रोप्रोसेसर एवढ्यानेही ताळ्यावर येऊ शकतो. पूर्ण ‘रीसेट’ची पद्धत माहितीपुस्तिकेत असते, त्याने स्पीकरच्या जुळण्या पुसल्या जातात, हे ध्यानात ठेवावे. रिसीव्हर एचडीएमआयने दूरचित्रवाणी संचाला जोडलेला असेल, तर रिमोटवरून मेनू उघडून पाहावा. मेनू पडद्यावर दिसला, तर यंत्राचा मेंदू शाबूत आहे आणि दोष बहुधा डिस्प्लेपुरता आहे.

हा डिस्प्ले कसा चालतो, ते समजले की बिघाडही समजतो. निळसर-हिरव्या अक्षरांचा ‘व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले’ म्हणजे निर्वात काचेची चपटी नळीच. तिच्यातील केसासारख्या बारीक तारा काही व्होल्टवर तापतात, त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या थरावर आदळतात आणि अक्षर उजळते. इलेक्ट्रॉनांना ओढण्यासाठी वीस-तीस व्होल्टचा किंवा त्याहून अधिक दाब लागतो. यांपैकी कोणताही एक पुरवठा तुटला, की काच काळी. त्यामागे पुष्कळदा जळालेला एखादा रोधक किंवा उष्णतेने सुकलेला कपॅसिटर असतो आणि हे भाग अगदी स्वस्त असतात. अक्षरे वर्षानुवर्षे मंद होत गेली असतील, तर मात्र फॉस्फरच झिजला आहे. तेव्हा नळी बदलण्यावाचून इलाज नाही.

आवाजही नाही आणि डिस्प्लेही नाही, अशी स्थिती असेल, तर प्रथम सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. सॉकेट ठीक असेल, तर प्लग काढून स्पीकरच्या सर्व तारा सोडवाव्यात आणि रिसीव्हर पुन्हा सुरू करावा. दोन तारांचे उघडे धागे एकमेकांना चिकटले, तरी यंत्र स्वसंरक्षणासाठी बंद होते. सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला, तर ते शुभलक्षण मानावे.

झाकण उघडण्याचा मोह घरी टाळावा. २३० व्होल्टचा पुरवठा तोडल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरांत धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. करपल्याचा वास आला किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागला, तर प्रयोग तिथेच थांबवावेत.

दुरुस्तीस नेताना वॉरंटीचे कागद पाहावेत. तंत्रज्ञाने पूर्ण पॅनल बदलण्याचा खर्च सांगितला, तर डिस्प्लेला मिळणारे व्होल्ट मोजले का, हे आवर्जून विचारावे. आणि विजा चमकू लागण्यापूर्वीच रिसीव्हरच्या प्लगबरोबर सेट-टॉप बॉक्सला येणारी डिशची वा केबलची तारही काढून ठेवावी. त्या वाटेने आलेला झटका एचडीएमआयमधून थेट रिसीव्हरपर्यंत पोहोचतो.