सुरीला दाते कशाला?

नवघर रोडवरचं कुठलंही केकचं दुकान आठवा. 2022 मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी येण्याआधी वाढदिवसाचा केक घेतला की खोक्यासोबत मेणबत्ती आणि एक पांढरी प्लास्टिकची सुरी फुकट मिळायची. केक त्याच दिवशी संपायचा, सुरी मात्र ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं लोळत पडते. ती शोधून काढा आणि तिच्या कडेवरून हळूच बोट फिरवा. खरखरीत लागतं ना? ते तिचे दाते.

आता कांदा चिरायची सुरी बघा. फक्त बघायची, हात लावायचा नाही! तिची कड एकदम सरळ, एकही दाता नाही. म्हणजे रोज राबणाऱ्या सुरीला दाते नाहीत आणि फुकटच्या सुरीला आहेत. असं का बरं?

करून बघा

घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. एक पिकलेला टोमॅटो, ती केकची सुरी आणि कंपासमधली प्लास्टिकची पट्टी घ्या. आधी पट्टीची कड टोमॅटोवर ठेवून दाबा. साल आत जाते, टोमॅटो चपटा होतो, पण कापला काही जात नाही. जास्त जोर केलात तर रस थेट शर्टावर! आता सुरी ठेवा. दाबू नका, नुसती मागे-पुढे करा. थोड्याच वेळात साल फाटते आणि सुरी आत शिरते.

पट्टीही प्लास्टिकची, सुरीही प्लास्टिकची. मग फरक पडला कुठे? दाबात! दप्तराचा पट्टा रुंद असेल तर खांदा दुखत नाही. तेच दप्तर सुतळीने लटकवलं तर? ओझं तेवढंच, पण ते कमी जागेवर पडतं, म्हणून रुततं. दात्यांचंही तसंच. समजा, पट्टीची 20 मिलिमीटर कड टोमॅटोला टेकली आहे. त्याच जागी सुरीचे तीनच दाते टेकले आणि प्रत्येकाचं टोक 1 मिलिमीटरचं असलं, तर तुमचा सगळा जोर फक्त 3 मिलिमीटरवर पडतो. म्हणजे दाब जवळजवळ सातपट! शिवाय टोमॅटोची साल असते गुळगुळीत, तिच्यावरून बोथट कड घसरते. दाते सालीत अडकतात, मग घसरायचा प्रश्नच नाही.

प्लास्टिकला पोलादासारखी बारीक धार काढता येत नाही. म्हणून कारखान्यात त्या सुरीला दाते देऊन टाकत. धारेची उणीव दाते भरून काढतात.

मग सगळ्याच सुऱ्यांना दाते का नाहीत?

कारण दाते कापतात कमी आणि फाडतात जास्त. ब्रेडला ते चालतं. त्याची वरची साल कडक आणि आतला भाग मऊ. सरळ सुरी दाबली तर अख्खा ब्रेड बसतो, म्हणून ब्रेडच्या लांबच लांब सुरीला दाते असतात. ओल्या दोराचंही तसंच. दाते त्याचा एकेक धागा पकडून तोडतात.

पण भाईंदरपलीकडे उत्तनला जा आणि मासळी कापताना बघा. पापलेटची तुकडी कशी नितळ कापलेली असते! मासा मऊ असतो. तिथे दाते लावले तर तुकडीचा चुरा होईल. तिथे हवी सरळ धार, एका ओढीत आरपार जाणारी.

शेतात मात्र पुन्हा दात्यांची चलती. भाताच्या काडीत सिलिका असते, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ. ती कापता कापता विळा लवकर बोथट होतो. त्यात काडी गुळगुळीत, निसटणारी. म्हणून कितीतरी शेतकरी दातेरी विळा वापरतात. महाराष्ट्रातला ‘वैभव’ विळा असाच दातेरी आहे.

आणि दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर? ट्रेकला जाणाऱ्या ताई-दादांकडे घडीचा चाकू असतो. त्यातल्या काहींचं पातं टोकाकडे सरळ आणि मुठीजवळ दातेरी असतं. मुठीजवळ हाताचा जोर जास्त मिळतो, म्हणून दोर कापायचे दाते तिथे. भारी कल्पना आहे ना? पण आजीच्या विळीत ती कधीचीच आहे! भाजी चिरायला सरळ धारेचं पातं, आणि त्याच पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते.

धारवाले काका नाही का म्हणतात?

गल्लीत सुरी-कात्रीला धार लावणारे काका येतात. पायाने पेडल मारून धारेचं चाक फिरवतात आणि ठिणग्या उडवतात. त्यांच्यासमोर ब्रेडची सुरी धरलीत तर ते बहुधा मान हलवतील. त्या चाकावर धरली तर दाते घासून सपाट होतील ना! दातेरी सुरीची एकेक खाच बारीक गोल कानशीने वेगळी घासावी लागते. फार चिकाटीचं काम! पण अशी सुरी लवकर बोथटही होत नाही. पोळपाटावर किंवा फळीवर आपटतात ती दात्यांची टोकं. खाचांमधली धार मात्र आत सुरक्षित राहते.

आता खरी गंमत. काकांनी नुकतीच धार लावलेली सरळ सुरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर काय दिसेल? सरळ रेघ? छे! चाकाच्या कणांनी पाडलेले चरे दिसतील आणि त्यांच्यामुळे कडेवर झालेले इवले इवले वेडेवाकडे दाते. चाक जितकं बारीक कणांचं, तितके दाते बारीक. म्हणून तर चांगल्या सुरीनेही टोमॅटो नुसता दाबून नाही, ओढून कापतात. ओढलं की ते छुपे दाते कामाला लागतात. सरळ आणि दातेरी यांतला फरक बराचसा दात्यांच्या आकाराचाच आहे!

एवढे बारीक दाते वापरणारी एक मंडळी खाडीकाठी राहणाऱ्या नवघरकरांच्या चांगल्याच ओळखीची आहे. डास! डासाच्या मादीच्या सोंडेत सहा बारीक सुया असतात. त्यांतल्या दोघींच्या टोकाला दाते असतात. ती नुसती टोचत नाही, त्या दोन सुया मागे-पुढे करत कातडी कापत आत शिरते. त्यामुळे जोर कमी लागतो आणि ती आल्याचं आपल्याला कळतही नाही. खाज सुटते ती नंतर!

डोकं चालवा

सुताराच्या करवतीला दाते असतात. पण लाकूड गुळगुळीत करायच्या रंध्याच्या पात्याला एकही मोठा दाता नसतो. दोघांचं काम लाकडावरच, मग असं का? शेजारी कुठे फर्निचरचं काम चालू असेल तर सुतारकाकांना विचारा. पण आधी तुमचं उत्तर वहीत लिहून ठेवा, मगच जा!