फोर बाय फोर घ्यावी की ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जपून ठेवावा?

गाडी घेताना हात आखडता न घेण्याची छत्रपती संभाजीनगर या शहराला जुनी सवय आहे. 2010 च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकजुटीने दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या उचलल्या. 65 कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. आता हौसेची दिशा बदलली आहे. लांब, लोळत्या गाडीपेक्षा उंच, चिखल तुडवणारी गाडी हवीशी वाटते. थार, स्कॉर्पिओ-एन, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स. शहराजवळच्या बिडकीनला कारखाना काढण्याचा करार टोयोटाने 2024 च्या जुलैत केल्यापासून हायलक्सकडे इथली माणसं जरा घरच्या नजरेने बघायला लागली आहेत. तिथे बनणार काय, हा भाग वेगळा.

घर सिडकोत, शेत फुलंब्री, पैठण नाहीतर कन्नडकडे, आठवड्यातून दोनदा चक्कर, अशी शेकडो कुटुंबं या शहरात आहेत. असा माणूस शोरूममध्ये गेला की विक्रेता हमखास म्हणतो, "दादा, शेती आहे ना? मग फोर बाय फोरच घ्या. नंतर बसवून मिळत नाही." शेवटचं वाक्य अगदी खरं आहे, म्हणूनच माणूस गडबडतो.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या गाडीसोबत खडतर वाटेसाठीच्या आणखी वस्तूही येतात. अमेरिकेत पिकअपवर त्यांचं 'ऑफ-रोड पॅकेज' वेगळे पैसे मोजून घेता येतं. फोर्डचं एफएक्स-4, शेव्हर्लेचं झेड-71, टोयोटाचं टीआरडी ऑफ-रोड. मागच्या चाकांचं लॉक किंवा वेगळे शॉकअप, पोटाखाली पत्रा, उतारावर गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, आणि बाजूला मोठं स्टिकर. आपल्याकडे हे गाठोडं बहुधा वरच्या मॉडेलमध्येच बांधून दिलेलं असतं. गाठोडं सोडून एकेक वस्तू पाहिली तर दोन-तीन कामाच्या निघतात आणि बाकीच्या फोटोत छान दिसतात.

सगळ्यात कामाची वस्तू बाहेरून दिसतच नाही. ती म्हणजे डिफरन्शियल लॉक. ज्याने ट्रॅक्टर चालवला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी डिफरन्शियल ही व्यवस्था असते. डांबरावर ती वरदान, चिखलात शाप. एका चाकाची पकड सुटली की इंजिनचा जोर त्याच चाकाला गरागरा फिरवत बसतो आणि कोरड्यावरचं दुसरं चाक ढिम्म. अशा वेळी ट्रॅक्टरवाला टाचेजवळचं डिफलॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळायच्या आधी तो पाय काढतो, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. पिकअपमध्ये हेच काम बटणावर होतं. हायलक्समध्ये ते आहे, थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्येही मागच्या धुऱ्याला आहे.

याच नावाजवळ जाणारी एक नक्कल मात्र ओळखायला हवी. काही गाड्यांत लॉक नसतं. फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो आणि जोर दुसरीकडे वळवतो. जिम्नीत अशीच सोय आहे. थोड्या चिखलात ती चालते, पण गाडी खोल रुतली की ब्रेक तापतात आणि काम अर्ध्यावर राहतं. आणखी एक गंमत म्हणजे डॅशबोर्डवरचे 'टेरेन मोड'. डिझेल हॅरियरला असे मोड आहेत, पण जोर पुढच्या दोनच चाकांना जातो. बटणावर चिखलाचं चित्र काढलं म्हणून मागची चाकं ढकलायला लागत नाहीत.

दुसरी कामाची वस्तू लो गिअर, म्हणजे फोर-एल. ट्रान्सफर केसमधला हा गिअर जोर साधारण अडीच पटीने वाढवतो आणि वेग त्याच हिशेबाने उतरवतो. भरलेली गाडी नाल्याच्या चढावरून क्लच न जाळता वर काढायची तर हाच उपयोगी. ज्यांना फोर बाय फोर घेऊन फोर-एच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा नेहमीचा गिअर, टाकून समृद्धी महामार्गावर 'ग्रिप' मिळवायची असते त्यांच्यासाठी एक सूचना: पिकअप आणि थारसारख्या गाड्यांतली ही व्यवस्था कोरड्या, घट्ट रस्त्यासाठी नाहीच. वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, मधला शाफ्ट पिळला जातो, स्टिअरिंग जड होतं आणि खर्च ट्रान्सफर केसवर येतो.

उतारावर सावरणारी यंत्रणा आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी. कन्नडचा औट्रम घाट उतरायला दुसरा गिअर पुरतो.

आता खरा प्रश्न जमिनीचा. परदेशी जाहिरातीतली गाडी खडकांवर चढते किंवा वाळू उधळते. आपल्याकडे ना तसे खडक रस्त्यात येतात, ना वाळवंट. इथे शत्रू एकच, काळी माती. बेसॉल्टची झीज होऊन बनलेल्या या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन-चार पाऊस झाले की तीच माती पाणी पिऊन लोण्यासारखी होते. वाळूत टायर बुडतं. काळीत ते आधी घसरतं आणि मग माखतं. टायरच्या खाचांत माती घट्ट बसते, तिच्यावर आणखी थर चढतो, आणि दहा-पंधरा हातांत तुमचं महागडं जाड नक्षीचं टायर एकदम गुळगुळीत होतं. गावाकडे मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं आणि माणूस काडीने तो उकरत बसतो, ते दृश्य कुणी पाहिलं नाही? पिकअपच्या चाकाच्या पोकळीतही हेच घडतं. म्हणून शोरूमबाहेर आणखी रुंद टायर चढवणारा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो. टायर आणि पत्रा यांमधली जागा कमी झाली की माती अडकायला सोपं.

टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाका आणि वाचा. एच/टी म्हणजे डांबरी रस्त्याचं, ए/टी म्हणजे दोन्हीकडचं, एम/टी म्हणजे चिखलाचं. एम/टीच्या ठोकळ्यांमधली जागा मोठी असल्याने माती झटकली जाते हे खरं, पण तेच टायर घेऊन तुम्ही समृद्धी महामार्गावर जाणार आहात. 701 किलोमीटरचा हा काँक्रीट रस्ता 2025 च्या जूनमध्ये पुरता खुला झाला, आणि मोटारींना 120 ची मर्यादा आहे. त्या वेगात एम/टीचा आवाज कानात भुंग्यासारखा घुमतो, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, डिझेलही जास्त जातं. शेतात महिन्याला आठ चकरा आणि बाकी सगळं डांबरावर, असा हिशेब असेल तर ए/टीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यासोबत बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप ठेवा. रुतण्याआधी हवा कमी केली तर टायर पसरतं आणि पकड वाढते. डांबरावर आलात की परत भरायची, विसरायची नाही.

भाराची गोष्ट विक्रेता सहसा काढत नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना जोर असलेली पिकअप रिकामी असताना जास्त रुतते आणि थोडा माल भरला की मागची चाकं जमिनीला धरतात. जाधववाडीच्या बाजारात आलं, मका किंवा मोसंबी घेऊन येणाऱ्या बोलेरो पिकअपचे चालक हे पक्कं ओळखून असतात. पावसाळ्यात शेताकडे रिकामी जाताना हौद्यात खताच्या चार गोण्या टाकून जाणारे त्यातलेच. अर्थात प्रमाणाबाहेर भरली तर तीच गाडी कण्यापर्यंत खाली जाते, मग लॉक असो की नसो. आणि धंदाच मालवाहतुकीचा असेल तर डबल कॅबच्या आखूड हौद्याची हौसेची पिकअप आणि सरळ बोलेरो पिकअप यांची तुलना करूच नये. दोघींची कामं वेगळी.

पैशाचं बघू. 2024 च्या सप्टेंबरात थार रॉक्सचे फोर बाय फोरचे भाव जाहीर झाले तेव्हा डिझेल एमएक्स-5 दोन चाकांच्या जोरावर 16.99 लाखाला होती आणि चार चाकांची 18.79 लाखाला. फरक 1.80 लाख, शोरूमच्या किमतीत. त्यावरचा रोड टॅक्स आणि विमा धरला की दोन लाखांच्या वर जातो. पिकअपमध्ये हायलक्स घेणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. 2022 मध्ये ती भारतात आली ती फोर बाय फोर म्हणूनच, तिशीतल्या लाखांत.

आता ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब. गाडी रुतली, गावातला ट्रॅक्टर आला, साखळी लावली, ओढून काढली. त्याने हजार रुपये घेतले असं धरा. दोन लाखांत दोनशे वेळा ओढून होतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर आठवड्याला एकदा रुतलात तरी ते पैसे बारा वर्षं पुरतात. तोवर गाडी विकलेली असेल. रात्री दोनला पेशंट घेऊन दवाखान्यात निघालेल्याला किंवा पहाटेच्या बाजारासाठी माल भरलेल्याला हा हिशेब लागू नाही, हे कबूल. ट्रॅक्टर उद्या सकाळी येईल, असं त्याला सांगून भागत नाही.

पण त्याच दोन लाखांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो कुठल्याच शोरूममध्ये सांगत नाहीत. आपल्या वाटेचा सगळ्यात वाईट तुकडा किती लांब आहे? बहुतेकांचा तो पाच-सहाशे फुटांचा निघतो: पाणंदीचा नाल्याजवळचा सखल भाग, जिथे दरवर्षी तेच होतं. रॉयल्टी भरून आणलेल्या मुरमाच्या किती ट्रिपा तिथे पडतील, हे गावातल्या टिपरवाल्याला विचारा. शेजारच्या चार बांधकऱ्यांनी वर्गणी काढली तर एकट्यावर भार पडत नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली; सध्या कोणत्या योजनेत अर्ज टाकता येतो, ते ग्रामपंचायतीत विचारा. मुरूम टाकलेल्या वाटेने फक्त तुमची पिकअप नाही, तर शाळेतली पोरं, दुधाची मोटारसायकल आणि बैलगाडीही जाते. चार चाकांचा जोर फक्त एकाच्या दारात उभा राहतो.

एवढं सांगूनही काहींनी फोर बाय फोर घ्यावीच असं माझं मत आहे. ज्यांचं शेत मुरमाच्या रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, पूर्ण काळीत आहे. जे डोंगराच्या कुशीत, अजिंठ्याच्या रांगेत राहतात. फळबाग आहे आणि फवारणी पावसाची उघडीप बघूनच करावी लागते. पशुवैद्य, विजेची लाइन बघणारे, ज्यांना जाणं टाळता येत नाही. यांनी घेताना मात्र मागच्या लॉकची खात्री करूनच पैसे द्यावेत. उरलेल्यांना दोन चाकांची गाडी, चांगले ए/टी टायर, हवेचा पंप आणि ओढायचा जाड पट्टा यांत भागतं. म्हैसमाळ किंवा सुलीभंजनला रविवारी जायला तेवढंही लागत नाही. आणि गौताळा अभयारण्यात वाट सोडून गाडी घालायची कल्पना असेल तर ती आत्ताच सोडा. ते जंगल आहे, मैदान नाही.

पाण्याबद्दल थोडं कडकच सांगायला हवं. कागदावर थार 650 मिलिमीटर आणि हायलक्स 700 मिलिमीटर पाण्यातून जाते. तो आकडा उभ्या पाण्याचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा की वेगाने वाहणारं एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं आणि दोन फूट पाणी एसयूव्ही नि पिकअपसुद्धा. दोन फूट म्हणजे 610 मिलिमीटर. गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या आतच गाडी तरंगायला लागते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्या-ओढ्यांनी काय रूप धारण केलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. पुलावरून पाणी चाललेलं असताना चार चाकांचा जोर फक्त माणसाला पुढे जायचा धीर देतो, आणि तोच घात करतो.

शोरूममध्ये जमलं नाही म्हणून बाहेर पॅकेज बांधायचा मोह होतो. लिफ्ट किट, लोखंडी बंपर, वर दिव्यांची माळ. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना 2017 च्या डिसेंबरातच कळवलं होतं. दंड एक वेळ भरता येईल, पण अपघातानंतर विमा कंपनीने नोंद नसलेल्या बदलाकडे बोट दाखवलं तर रक्कम लाखांत जाते. कागदांचाच आणखी एक मुद्दा: पिकअप घेण्याआधी, नंबरप्लेट पांढरी मिळणार की पिवळी, हेही आरटीओतून पक्कं करून घ्या, कारण टॅक्स, विमा आणि परमिटचं सगळं गणित त्यावर फिरतं.

शेवटी एक मागणी करून बघायला हरकत नाही. पाडव्याला किंवा दसऱ्याला बुकिंग करणाऱ्याला जालना रोडच्या सपाट डांबरावर टेस्ट ड्राइव्ह मिळते. तुम्ही जुलैत जा आणि म्हणा, "भाऊ, गाडी माझ्या शेतापर्यंत नेऊ."