कचारगड : गोंड समाजाचे डोंगरावरील स्मृतिस्थान

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याच्या ईशान्य भागात, सालेकसा तालुक्यातील दरेकसा रेल्वेस्थानक आणि धनेगाव यांच्या परिसरातील जंगलमय डोंगरात, कचारगडाच्या नैसर्गिक गुहा आहेत. येथे कोणा राजाचा पुतळा किंवा समाधी नाही. तरीही गोंड समाज ज्याला आपला आद्य नायक आणि ‘कोया पुनेम’ या धर्ममार्गाचा संस्थापक मानतो, त्या पारी कुपार लिंगोच्या स्मरणासाठी दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आदी राज्यांतून हजारो भाविक हा डोंगर चढतात.

परंपरेनुसार, माता काली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तिचे दार प्रचंड शिळेने बंद करण्यात आले होते. लिंगोच्या मार्गदर्शनाखाली वादक हिरासुका पाटालीर याने आपल्या संगीताने मुलांमध्ये बळ जागवले, सर्वांनी मिळून शिळा लोटली, आणि तिच्याखाली सापडून हिरासुकाला मात्र प्राण गमवावे लागले. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने शिक्षण दिले आणि त्यांची ‘सगां’मध्ये, म्हणजे कुळांच्या मोठ्या समूहांमध्ये, विभागणी केली. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे देवसंख्येवरून ओळखले जाणारे समूह आणि एकाच समूहात विवाह न करण्याचा नियम यांचे मूळ गोंड समाज याच व्यवस्थेत पाहतो.

ही कथा शतकानुशतके परधान या गायक समाजाने जपली. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत टिपून घेतले आणि १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाल्यावर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या गीताचे तपशील कचारगडच्या कथेपेक्षा काहीसे वेगळे असले, तरी गुहेतील बंदिवास आणि लिंगोने केलेली सुटका हा गाभा दोन्हींत समान आहे. गीतातील ‘काचिकोपा लोहागड’ हे स्थान म्हणजेच कचारगड, ही ओळख पुढे गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या समाजातीलच विद्वानांनी रुजवली, आणि १९८०च्या दशकापासून यात्रेला आजचे व्यापक रूप येत गेले.

सप्तरंगी ध्वज, ढोलांचा गजर, ‘जय सेवा’चा घोष आणि पेनांचे, म्हणजे कुलदेवतांचे, पूजन यांनी ही यात्रा भरून जाते. अनेक राज्यांच्या सीमांनी विभागलेला आणि ज्याच्या भाषेला शाळेत फारसे स्थान मिळाले नाही असा समाज येथे आपले कूळ, नाते आणि इतिहास एकमेकांना सांगतो. लिंगोचा काळ पुराव्याने ठरवता येत नाही; परंतु स्मारकाचे महत्त्व ते कोणत्या समाजाला एकत्र आणते यावरही ठरते, आणि त्या कसोटीवर कचारगडाची योग्यता वादातीत आहे. म्हणूनच गुहा, डोंगर आणि भोवतालचे जंगल आहे त्या स्वरूपात राखणे, आणि त्याविषयीचे निर्णय गोंड समाजाच्या संमतीने घेणे, हेच या स्मारकाचे खरे जतन ठरेल.