जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

पडक्या देवळाचा जीर्णोद्धार आपल्या परिचयाचा आहे. जुन्या मोटारींचाही असाच जीर्णोद्धार करतात. ते काम मोठ्या चिकाटीचे आणि प्रामाणिकपणाचे असते. अमेरिकेतील एका मोटारीच्या उदाहरणावरून ते कसे चालते, हे आपण पाहू.

१९६४ सालचा नमुना म्हणून अमेरिकेत पाँटिॲक जातीची 'जी. टी. ओ.' ही मोटार बाजारात आली. तिची बांधणी मध्यम आकाराची होती. परंतु मोठ्या मोटारींना शोभेल असे आठ सिलिंडरांचे, ३८९ घन इंचांचे व ३२५ अश्वशक्तीचे एंजिन तिच्यात बसविले होते. देहाच्या मानाने बळ अधिक, म्हणून अशा मोटारींना 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, असे नाव पडले. जनरल मोटर्स या कंपनीने २०१० साली पाँटिॲक मोटारी कायमच्या बंद केल्या. असे एंजिन आता कारखान्यातून मिळत नाही. ते शोधावे लागते.

हाती आलेल्या मोटारीतील एंजिन तिचे स्वतःचेच आहे काय, हे कारागीर प्रथम पाहतो. एंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्यावर तो ओतल्याची तारीख सांकेतिक रूपात असते. 'ए' हे अक्षर जानेवारीचे, 'बी' फेब्रुवारीचे, याप्रमाणे 'सी १२ ४' याचा अर्थ १२ मार्च १९६४ असा होतो. मोटार फेब्रुवारीत तयार झाली आणि ठोकळा मार्चमधला निघाला, तर ते एंजिन मागाहून बसविलेले आहे हे उघड होते. मूळ एंजिन असलेल्या मोटारीला अधिक किंमत येते. म्हणून काही लबाड लोक ठोकळ्यावरील क्रमांक घासून तेथे सोयीचा क्रमांक ठोकतात. प्रामाणिक कारागीर मोडीत निघालेल्या दुसऱ्या मोटारीचे त्याच जातीचे एंजिन मिळवितो आणि ते बदललेले आहे, अशी लेखी नोंद ठेवतो.

मग मोटार सुटी करतात. प्रत्येक भागाचे छायाचित्र घेतात आणि लहान भाग चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांत ठेवतात. एंजिनाच्या ठोकळ्याला चीर गेली असेल, तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठोकळ्यात चुंबकत्व निर्माण करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकतात. जेथे चीर असते तेथे भुकटी रेषेसारखी गोळा होते. दीर्घ वापराने सिलिंडर झिजून किंचित लांबट झालेले असतात. ते यंत्रावर कोरून पुन्हा गोल करतात व त्यांत थोडे मोठे दट्टे बसवितात. येथे इंचाच्या हजाराव्या भागाचीही चूक चालत नाही.

त्यानंतर पत्र्याची पाळी येते. गंजलेला भाग कापून काढतात आणि त्या जागी नवा पत्रा जोडतात. गंजावर लांबी भरून रंग दिला, तर काही दिवस मोटार सुंदर दिसते. पण गंज आतून पत्रा खातच राहतो. पत्र्यावर प्रथम अस्तराचा रंग देतात. त्यावर गडद रंगाचा विरळ शिडकावा करून लांब फळीला लावलेल्या काचकागदाने घासतात. खळग्यांत गडद रंग तसाच राहतो, आणि दोष कोठे आहे ते कळते. मोटारीचा मूळ रंग कोणता, हे एंजिनाच्या झाकणाखालील धातूच्या पट्टीवरील अंकांवरून समजते. शेवटी धूळरहित खोलीत, नाकातोंडावर संरक्षक मुखवटा बांधून, रंगाचे पातळ थर फवारतात. हे फवारे श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते.

रंग वाळला की पाहणाऱ्याला केवळ झळाळी दिसते. चीर नसलेला ठोकळा, कापून काढलेला गंज आणि खरी नोंद यांतले काहीच त्याच्या दृष्टीस पडत नाही. परंतु मोटार पुन्हा रस्त्यावर धावू लागते, ती या न दिसणाऱ्या कामाच्या बळावर. कोणत्याही कामाचा कस असा झाकल्या जाणाऱ्या भागातच लागतो.