कायद्याचे शिक्षण गावाच्या वेशीपर्यंत

मावळ तालुक्यातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. संताजी मूळचे चाकणचे, तेलाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातले आणि संत तुकाराम महाराजांच्या टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग त्यांनी लिहून ठेवले, म्हणून ते पुढील पिढ्यांच्या हाती लागले, असे वारकरी परंपरा कृतज्ञतेने सांगते. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले. दुसऱ्याचे बोलणे मनापासून ऐकून घ्यावे आणि त्याचा अर्थ न बदलता ते कागदावर उतरवावे, ही सेवा वरवर साधी दिसते. परंतु ज्याला स्वतः लिहिता येत नाही, त्याच्यासाठी ती किती मोलाची असते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आज या गावाच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे आणि शेजारीच चाकणचे कारखाने उभे आहेत. यंत्राची विद्या गावापर्यंत आली, संकटात धावून जाणारे जवानही आले. कायद्याची विद्या मात्र अजून पुण्यातील महाविद्यालयांत आणि वडगाव मावळच्या न्यायालयातच राहिली आहे. ती गावाच्या वेशीपर्यंत कशी यावी, आणि या कामी आपण श्रद्धावंतांनी काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

एका भगिनीची अडचण

समजा, अशाच एखाद्या गावातील भगिनीचे पती अचानक वारले. तिचा धर्म कोणताही असो, घरात दोन लहान मुले आणि पतीच्या नावावर थोडी शेतजमीन आहे. दीर म्हणतात, "वहिनी, काळजी करू नका, कागदपत्रांचे आम्ही पाहतो." काही महिन्यांनी सातबारा उताऱ्यावर दिरांचीच नावे लागलेली दिसतात. ती रडते, शेजारणींना सांगते आणि शेवटी नशिबाला दोष देऊन गप्प बसते.

वास्तविक कायद्याने तिला पुष्कळ काही दिले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्यावयाची असते. फेरफार मंजूर होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस काढली जाते व हरकत नोंदवता येते. नोंद चुकीची झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. हे तिला वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही, एवढीच उणीव होती. वकील वडगावला होता, पण त्याच्याकडे जायचे असते हेही तिला ठाऊक नव्हते. ही उणीव भरून काढणाऱ्या व्यक्तीला पॅरालीगल म्हणतात.

पॅरालीगल म्हणजे कोण?

अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत पॅरालीगल हा पगारी व्यवसाय आहे. तेथे वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रे तयार करणे, पुरावे लावणे, जुने निकाल शोधणे ही कामे तो करतो आणि त्यासाठी महाविद्यालयांत स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. आपल्या देशात हा शब्द सेवेच्या अर्थाने अधिक रूढ झाला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना आखली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, बचत गटातील महिला, सेवाभावी संस्थांचे सदस्य, इतकेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे, सुशिक्षित व चांगल्या वर्तनाचे बंदीही स्वयंसेवक होऊ शकतात. निवड व प्रशिक्षण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते आणि केलेल्या कामाचे मानधन देते. मदत घेणाऱ्याकडून मात्र त्याने एक पैसाही घ्यावयाचा नसतो.

या सेवेमागे राज्यघटनेचे बळ आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला. पैशाअभावी कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी त्याने शासनावर टाकली. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरजू बंद्याला मोफत कायदेशीर मदत आणि निकालाची प्रत मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार सर्व स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि आपत्तिग्रस्त यांना मोफत वकील मिळू शकतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या किती भगिनींना ठाऊक आहे?

आपत्तिग्रस्तांचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी ढिगारे उपसले. अशा आपत्तीनंतर जगलेल्यांचा दुसरा लढा कागदांशी असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बँकेचे खाते, जमिनीची नोंद या प्रत्येकासाठी कोणाला तरी हात धरून न्यावे लागते. जवान परतल्यावर हे काम पॅरालीगलचे असते.

विद्यापीठात काय शिकवतात?

महाराष्ट्रात कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे, तर पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झालेले. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यास करून विद्यार्थी कायद्याचा पदवीधर होतो. मग बार कौन्सिलकडे सनद घ्यावी लागते व अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. वर्गात राज्यघटना, करार, गुन्हे, मालमत्ता, कुटुंब कायदा असे विषय येतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी त्यांच्या जोडीला मसुदा लिहिणे, तडजोड व मध्यस्थी, व्यावसायिक नीती आणि अभिरूप न्यायालय असे प्रात्यक्षिक विषय अनिवार्य केले. प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र चालवावे, असेही त्या नियमांत आहे. २०११ च्या विधी सेवा केंद्रांविषयीच्या विनियमांनुसार महाविद्यालयाचे विद्यार्थी एखादे गाव दत्तक घेऊन तेथे असे केंद्र चालवू शकतात.

म्हणजे सुदुंबऱ्यासारख्या गावात पुण्यातील विद्यार्थ्यांनी जावे, याची सोय नियमांतच आहे. पण पुष्कळदा असे होते की, वर्षातून एक शिबिर भरते, फलक लावला जातो, छायाचित्रे निघतात आणि पुढच्या आठवड्यात ज्या भगिनीला प्रश्न विचारायचा असतो तिला विचारायला कोणी नसते. विद्यार्थी परीक्षेच्या तयारीला लागलेले असतात. शिवाय पाठ्यपुस्तके बहुतेक इंग्रजीत आणि गावचे प्रश्न मराठीत. "म्यूटेशन" शिकलेल्या विद्यार्थ्याला "फेरफार" समोर आला की क्षणभर थबकायला होते. म्हणूनच विद्यापीठाचा विद्यार्थी आणि गावातला प्रशिक्षित पॅरालीगल यांची जोडी हवी. एकाकडे ग्रंथांचे ज्ञान, दुसऱ्याकडे माणसांची ओळख. शिबिर संपल्यावरही दुसरा गावातच असतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पॅरालीगल कामासाठी पदविका अभ्यासक्रम तयार केला, त्यामुळे नोकरी वा घरकाम सांभाळून हा विषय शिकण्याची वाट अनेकांना मिळाली. परंतु एकदा शिकून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पोटगीचे सर्वपरिचित १२५ वे कलम आता १४४ वे झाले आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येते, ही तरतूद आता कायद्यातच आहे. जुन्या पुस्तकावर विसंबणारा सल्लागार नकळत गरिबाचे नुकसान करू शकतो.

आपल्या घरातील कायदा

ख्रिस्ती कुटुंबांनाही याची गरज आहे. आपल्यात कोणी मृत्युपत्र न करता वारले आणि मागे पत्नी व मुले असली, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार पत्नीला एक तृतीयांश हिस्सा मिळतो व उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान वाटले जाते. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाबरोबर रद्द होते, ही गोष्ट तर अनेक सुशिक्षितांनाही नवी वाटेल. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेटची सक्ती उठली. तरीही कोणी ती सांगून पैसे मागत असेल, तर सावध असावे.

विवाहाच्या बाबतीतही गोंधळ दिसतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पत्नीवर पतीपेक्षा अधिक कठोर अटी होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात त्या भेदभावावर आघात केला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायाधिकरणाने विवाह मुळात अवैध ठरवला, तरी दिवाणी कायद्यात तेवढ्याने विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुन्हा सांगितले. ख्रिस्तसभेचा निर्णय श्रद्धेच्या व संस्काराच्या क्षेत्रात मोलाचा आहे. पण दिवाणी न्यायालयाचा निर्णय न घेता दुसरा विवाह केल्यास तो कायद्याने अडचणीत येऊ शकतो. धर्मगुरूंकडे येणाऱ्या जोडप्यांना हे दोन्ही मार्ग समजावून सांगणारा जाणकार प्रत्येक धर्मग्रामात असावा, असे आम्हांस वाटते.

मर्यादा आणि वारसा

पॅरालीगलची मर्यादाही नीट समजून घ्यावी. तो न्यायालयात उभा राहून युक्तिवाद करीत नाही आणि निकालाची हमी देत नाही. तो ऐकतो, अर्ज लिहितो, कोणता कागद कोठे मिळतो ते सांगतो, मुदत चुकू देत नाही आणि प्रकरण मोठे असल्यास तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोहोचवतो. ऐकलेले गुपित ठेवणे हा त्याचा पहिला धर्म. गावात ज्याच्या तोंडी काही राहत नाही, त्याच्याकडे कोणी दुःख घेऊन जात नाही.

ही सेवा आपल्या परंपरेला परकी नाही. ब्रिटनी प्रांतातील संत इव्हो यांनी पॅरिस व ऑर्लेआं येथे कायद्याचे शिक्षण घेतले आणि ते गरिबांचे वकील म्हणून ओळखले गेले. १३०३ साली त्यांचे निधन झाले. १९ मे रोजी त्यांचा सण साजरा होतो व वकील मंडळी त्यांना आपला आश्रयदाता संत मानतात. आपल्या देशात येशूसंघीय फादर पी. डी. मॅथ्यू यांनी दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटमधून सामान्यांना समजतील अशा कायदेविषयक पुस्तिका लिहिल्या. अनेक धर्मभगिनी आज सनद घेऊन न्यायालयात उभ्या राहतात. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाते. तिच्या चिकाटीचे आपण प्रवचनांतून कौतुक करतो. परंतु तिच्यासोबत त्या दारापर्यंत चालत जाणारे कोणी असते, तर तिच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या नसत्या का?

यास्तव आमची नम्र सूचना आहे. प्रत्येक धर्मग्राम परिषदेने निदान दोन व्यक्ती, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, निवडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षणासाठी नावे द्यावीत. निवृत्त शिक्षक व परिचारिका यांना ही सेवा विशेष साधेल. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना महिन्यातील एक रविवार मिस्सानंतर सभागृहात बसण्यास सांगावे आणि तेथे जात-धर्म न पाहता कोणालाही येऊ द्यावे. मोफत मदतीसाठी १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहावा.

संताजी महाराजांनी लेखणी हाती धरली आणि एका संताचे शब्द वाचवले. आपल्या धर्मग्रामात लेखणी धरू शकणारे हात पुष्कळ आहेत. त्यांतील दोन हात एखाद्या विधवेच्या अर्जासाठी पुढे आले, तर तिच्या लेकरांची जमीन वाचेल. येत्या परिषदेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.